न्हाणीपर्यंतचा प्रवास

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटलं की पुण्यात ठरलेली विचारपूस होते. तांबडा-पांढरा कुठे खाल्ला? चपला आणल्या का? मी चपला आणल्या नाहीत, आणि रस्सा समोर आला तेव्हा माझी मनःस्थिती तो खाण्याची नव्हती. अंबाबाईचं दर्शनही लांबूनच झालं. गेल्या हिवाळ्यातले काही दिवस मी त्या जिल्ह्यात काढले आणि त्यातला बराचसा वेळ गडहिंग्लजमधल्या एका घराच्या न्हाणीचा विचार करण्यात गेला. असं प्रवासवर्णन आजवर कुणी लिहिलं नसावं, एवढंच त्याच्या बाजूनं सांगता येईल.

मी पोटासाठी काय करतो हे माझ्या आईला अजून नीट समजावता आलेलं नाही. डोळ्यांवर एक जाडजूड यंत्र चढवायचं. मग समोर घराची भिंत असली तरी समुद्र दिसतो, मान वळवली की बाजूचा किनाराही दिसतो. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. आम्ही नुसतं व्हीआर म्हणतो. त्या खोट्या जगात माणसानं फूल कसं उचलायचं, दार कसं उघडायचं, ‘पुढे चला’ हे यंत्राला कसं सांगायचं, ते ठरवणं हे माझं काम. घराबाहेर पडता न येणाऱ्या वयस्कर लोकांसाठी आमच्या ऑफिसनं अशी एक बाग तयार केली होती. ती म्हाताऱ्या माणसांना जमते का, हे बघायला कुणीतरी जायला हवं होतं. ऑफिसात सगळे पंचविशीतले, एकटा मीच पन्नाशी ओलांडलेला आणि डोकं पांढरंशुभ्र. तेव्हा वृद्धांचं दुःख मला आतून कळत असणार, असं सर्वानुमते ठरलं. मी ‘नाही’ म्हटलं नाही. केसांचा आजवर दुसरा काही उपयोग झाला नव्हता.

कसबा बावडा

ओळखीच्यांच्या ओळखीनं माझी राहायची सोय कसबा बावड्याला बापूंकडे झाली. बापू साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. यंत्रांच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे ते कुजबुजतात तेव्हाही समोरच्या घरातले लोक वळून बघतात. हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरवरची गाणी वाजवत रस्त्यानं चालल्या होत्या आणि हवेत मळीचा वास भरून राहिला होता. मी नाकाला रुमाल लावला.

“वास येतोय व्हय?” बापू म्हणाले. “आम्हाला न्हाय येत. बसा की पावणं.”

त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, आतल्या खोलीच्या दाराशी वॉकर धरून उभ्या होत्या. न्हाणीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन होऊन हाड जुळलं होतं, डॉक्टरांनी ‘हिंडा-फिरा’ म्हणून सांगितलं होतं. पण काकू पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून परत, एवढंच चालायच्या. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हत्या.

“पाय भ्यात न्हाय माझं,” त्यांनी मला चहा देता देता सांगितलं. “डोस्कं भितंय. मी काय करतो, नुसतं दारात येतो आणि माघारी जातो.”

इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. पहिल्या दिवशी मी दोनदा वळून बापू बोलले का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी मला ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलवर नेलं. तिथे रोज वर्तमानपत्रं आणि कॅरम चालतो. त्या दिवशी कॅरम बंद ठेवून सगळे माझ्याभोवती बसले. मी एक छोटं भाषण केलं. त्यात ‘तुमच्या अनुभवविश्वाचा परीघ’ असे शब्द होते. ते संपल्यावर मागून एकानं विचारलं, “म्हंजे दाखीवणार काय?”

पहिला मान बापूंचा. यंत्र डोक्यावर चढवल्याबरोबर ते ओरडले, “टांग्याच्या घोड्याला झापडं घालत्यात, तसलं हाय की हे!” चष्म्यावरून ते बसेना. चष्मा काढला तर बापूंना दिसेना. कसंबसं चष्म्यासकट बसवलं आणि दोन्ही हातांत खटके असलेल्या मुठी दिल्या.

“आता ट्रिगर दाबा, बापू.”

“बंदूक हाय व्हय?”

बंदूक नव्हती. फुलं तोडायची होती. बापूंनी सगळी बटणं एकदम दाबली आणि बागेचं पुन्हा पहिल्यापासून स्वागत सुरू झालं. मग मी माझं हुकमी पान काढलं. हात न वापरताही आमचं यंत्र चालतं, नुसतं बोलायचं. बागेतली मुलगी गोड आवाजात विचारते, ‘आपण पुढे जाऊ या का? हो किंवा नाही म्हणा.’

“व्हय,” बापू म्हणाले.

‘माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगा.’

“व्हय!”

‘माफ करा, मला समजलं नाही.’

“व्हय म्हंतोय की मगापासनं! भैरी हाईस काय?” असं गरजत बापू तिला समक्ष भेटायला निघाले ते थेट कॅरमच्या टेबलावर आदळले. सोंगट्या हॉलभर झाल्या. मी धावत जाऊन त्यांना धरलं, पण तेवढ्यात त्यांचा अंगठा कुठल्यातरी खटक्यावर पडला आणि बाग त्यांच्याभोवती गरागरा फिरू लागली. बापू खाली बसले, पांढरे पडले. कुणीतरी लिंबू आणलं. सकाळी खाल्लेली मिसळ बापूंनी मोरीत परत केली.

त्यानंतर यंत्राला हात लावायला कुणी पुढे आलं नाही. एका बाईंनी केसांचा अंबाडा दाखवून ‘हे कुठं ठेवू?’ असं विचारलं. सगळ्यात लाजिरवाणं हे की बागेतली ‘थांबा’ ही पाटी बापूंना वाचता आली नाही, म्हणून मी स्वतः यंत्र चढवून पाहिलं, तर मलाही वाचता येईना. ऑफिसात मी ती पाटी पाठ होती म्हणून वाचत होतो.

दुपारी बापूंच्या शेजाऱ्यांनी कौतुकानं रश्श्याचं ताट पाठवलं. बापू आत पडून होते. मी भातावर ओतलेल्या पांढऱ्या रश्श्याकडे, तो नुसतं पाणी असल्यासारखा, बघत बसलो. संध्याकाळी पुण्याला परत फिरावं असं मी ठरवलं होतं. मी बॅग भरत असताना काकू वॉकर टेकत खोलीच्या दाराशी आल्या.

“पावणं, त्या डबड्यात आमच्या आक्काचं घर दिसंल काय?”

आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण, गंगाक्का. गडहिंग्लजला मुलाकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे, दमा, आणि कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही. त्यांना प्रवास झेपत नाही आणि काकू उंबरा ओलांडत नाहीत. काकू पडल्यापासून दोघी भेटल्या नव्हत्या. रोज फोन व्हायचा. तो मी ऐकला होता. काकू इकडून जेवणाचं विचारायच्या आणि आक्का तिकडून पावसाचं सांगायच्या, दोघी एकाच वेळी, मोठ्यांदा, आणि ‘ठेवतो’ म्हणून समाधानानं ठेवून द्यायच्या.

“काल म्हणाली, आता मी काय लई दिवस न्हाय,” काकू म्हणाल्या. “तेवढं बरोबर ऐकू आलं बघा.”

माझ्याकडे चहूबाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा होता. मी काकूंना म्हटलं, उद्याच जातो. मला एकदम आपण फार मोठं काहीतरी करायला निघालोय असं वाटलं आणि त्या भरात मी बॅगेतला स्वेटर बाहेर काढून ठेवला. तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत फार आठवला.

गडहिंग्लज

कागलच्या पुढे रस्ता कर्नाटकात शिरतो आणि थोड्या वेळानं पुन्हा महाराष्ट्रात येतो. मोबाइल दोन्ही वेळा तुमचं स्वागत करतो. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस आणि मध्येच मोकळं झालेलं रान, त्यात उतरलेले बगळे. शेजारच्या आजोबांनी माझ्या मांडीवरच्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याकडे बोट दाखवून विचारलं, “मोजणी हाय व्हय? कुणाचं रान?” मी नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही. आपल्या बांधावर शेजाऱ्यानं कसं अतिक्रमण केलंय, हे त्यांनी मला सविस्तर ऐकवलं. सरकारी माणूस म्हणून मी लक्ष घालतो असं सांगून उतरलो. त्याशिवाय ते उतरू देईनात.

आक्कांचं घर हिरण्यकेशीच्या बाजूच्या एका गल्लीत होतं. पुढे पायऱ्या, मग सोपा, म्हणजे पुढची बसायची खोली, सोप्यातून आत स्वयंपाकघर आणि डाव्या अंगाला न्हाणी. आक्का सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. कपाळावर विभूतीची आडवी बोटं, नाकात मोठी मोरणी. मुलगा दुकानावर गेला होता, सून घरात होती. सुमनकाकूंकडून आलोय हे मी आधी साध्या आवाजात, मग मोठ्यांदा आणि मग सुनेमार्फत सांगितलं.

“तंगीकडनं आलाय?” आक्कांचा चेहरा उजळला. मला वाटलं, काकूंच्या घरी पैशाची तंगी आहे असं काही यांनी ऐकलंय. मी घाईघाईनं म्हणालो, “नाही, तसं काही नाही, सगळं ठीक आहे.” सून हसली. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

जेवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, असा हुकूम निघाला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि मटकीची उसळ. पुण्यात पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की वाढणारा थांबतो. इथे ‘पुरे’ला ‘आणखी वाढा’ असाच अर्थ असावा. भाकरी एखाद्या तबकडीसारखी मोडते. माझा एक तुकडा उडून थेट आक्कांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो झटकून परत माझ्या ताटात ठेवला.

मग मी सोप्याच्या मधोमध तिकाटणं उभं केलं आणि त्यावर कॅमेरा बसवला. सुनेनं आक्कांच्या कानाशी ओरडून समजावलं की याच्याकडे बघून बोला, हे काकूंना दिसेल. आक्कांनी कॅमेऱ्याकडे वर मान करून पाहिलं.

“ती काय उभी ऱ्हाती व्हय? खुब्याचं दुखणं हाय तिला. बसवा की खुर्चीत.”

मी म्हटलं, कॅमेऱ्याला चालतं. पण आक्का ऐकेनात, म्हणजे त्यांना ऐकूच आलं नाही. सुनेनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली, त्यावर पाट, पाटावर कॅमेरा. आक्कांनी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवायला लावला.

आता प्रश्न माझा होता. हा कॅमेरा चारी बाजूंचं टिपतो, तेव्हा टिपणाऱ्यानं लपायचं असतं. सोप्यात आडोसा नव्हता. मी न्हाणीत शिरलो आणि काय चाललंय ते दिसावं म्हणून दार अर्धं उघडं ठेवलं.

आक्कांनी बहिणीला दोन वाक्यं सांगितली. ‘बरी हायस न्हवं? औषध घेतीस का?’ मग त्यांचं लक्ष उघड्या दाराकडे गेलं. “पावणं, न्हाणीत काय करतायसा? पोट बिघडलं काय? दही न्हाय सोसलं वाटतं!” मी आतून हातवारे करत होतो, गप्प राहा, इकडे बघू नका. त्यांना ते पोटदुखीचे वाटले. सून ओवा घेऊन धावली. हे सगळं कॅमेऱ्यानं नीट टिपलं.

पुन्हा एकदा घेऊ म्हटलं, पण आक्का दमल्या होत्या. जाताना त्यांना आपलं नवं रंगवलेलं दार तंगीला दाखवायचं होतं, म्हणून खुर्ची रस्त्याच्या कडेला ठेवून दाराचंही एक चित्रण घेतलं. परतीच्या एसटीत मी ते सारं तपासलं आणि कपाळाला हात लावला. बहिणीचं बोलणं थोडकं, आणि त्याच्या मागे न्हाणीच्या दारात ओव्याचा तोबरा भरणारा पांढऱ्या केसांचा मी.

पुन्हा बावडा

दाखवायला तर हवंच होतं. या वेळी मी हातातल्या मुठी दिल्या नाहीत. बागेतल्या गोड मुलीला काढून टाकलं. काकूंनी नुसतं त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसायचं आणि दृश्य बदलायचं झालं की मला सांगायचं, ‘व्हय’ म्हणून सांगितलं तरी मला कळतं. यंत्राचा पट्टा अंबाड्याच्या खालून घेतला. चष्मा आधी यंत्रात बसवला, मग ते डोळ्यांवर टेकवलं. बापू शेजारी लिंबू कापून तयार होते.

“अगंबाई,” काकू म्हणाल्या. “आक्का! वाळली की गं!”

खुर्चीवरच्या कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते खुर्चीवरच्या काकूंना अगदी समोरासमोर दिसत होतं. आक्का विचारत होत्या, औषध घेतीस का, काकू म्हणाल्या, “घेतो की.” मग माझा पोटदुखीचा प्रसंग आला. काकू हसल्या, खोकल्या. आणि मग त्यांची मान खाली गेली. बराच वेळ खालीच.

रडतायत? चक्कर आली? मी म्हटलं, “काकू, वर बघा, आक्का समोर आहेत.”

“आक्का कुठं पळून जात न्हाय,” काकू शांतपणे म्हणाल्या. “मला न्हाणी बघू द्या.”

त्यांनी न्हाणीचं अर्धं उघडं दार बघितलं. आतली फरशी खडबडीत आहे की गुळगुळीत, ते बघितलं. सोप्यातून आत जाताना किती उंच पायरी आहे, भिंतीला धरायला काय आहे. “नळाकडंला दांडी लावलीय की धरायला,” त्या म्हणाल्या. “पावणं, तुम्ही त्यालाच धरून उभं हायसा.” मग मला पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावलं. मग दाराचं चित्रण, तिथेही दाराचा रंग नाही, पायऱ्याच बघितल्या.

आमच्या बागेत आम्ही निळं आकाश केलं होतं, त्यात ढग, फुलपाखरं, सगळी बटणं डोळ्यांसमोर तरंगणारी. पायांखाली नुसतं हिरवं. तिकडे कुणी बघेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पडलेला माणूस आधी खाली बघतो, हे पांढऱ्या केसांनी मला सांगितलं नव्हतं.

काकूंनी यंत्र काढलं. डोळे पुसले, चष्मा पुसला. मग बापूंकडे न बघता मला म्हणाल्या, “तुमच्या फोनवरनं तिच्या सुनंला इचारा. संडास कसला हाय? खाली बसायचा का खुर्चीचा?”

मी विचारलं. खुर्चीचा. आक्कांचे गुडघे गेल्यावर मुलानं मुद्दाम बसवून घेतला होता, न्हाणीतली दांडीही तेव्हाचीच. कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

बापूंना राग आला. “एवढंच हुतं तर मला का न्हाय म्हणालीस? मी इचारलं असतं की!”

“तुम्ही इचारलं असतंसा,” काकू म्हणाल्या, “आणि सगळ्या बावड्यानं ऐकलं असतं. आणि मी इचारावं तर भैऱ्या बहिणीला फोनवर संडासाचं कसं इचारू? गल्ली गोळा हुईल. सुनंला इचारावं तर म्हंल, म्हातारी यायच्या आधी संडास बघती.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “लाज वाटती हो. तिथं जाऊन पडलो म्हंजे? दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या न्हाणीत?”

बापूंनी उठून कापलेलं लिंबू पाण्यात पिळलं आणि पेला काकूंपुढे धरला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. पाहून झालं की यंत्र काढून वॉकर घ्यायच्या आणि आपल्याच घराच्या पायरीवर चढून-उतरून बघायच्या. मी शेजारी उभा. मदतीला हात पुढे केला की “सरका” म्हणायच्या. दुसऱ्या संध्याकाळी त्या गेटपर्यंत जाऊन आल्या. कारखान्याच्या दिशेनं बघून म्हणाल्या, “लई वास येतोय की.” बापू म्हणाले, “मला न्हाय येत.” मग म्हणाले, “गाडी सांगतो उद्याची.”

पुन्हा गडहिंग्लज

गाडीत काकू पुढे बसल्या, मागे बापू, मी आणि मांडीवर वॉकर. निपाणीच्या अलीकडे काकू म्हणाल्या, परत जाऊया. बापूंनी गाडी थांबवायला लावली. उसाची एक ट्रॉली गेली, दुसरी गेली. मग काकूच म्हणाल्या, “चला.”

आक्कांच्या दारासमोर उतरल्यावर काकू पायऱ्या ओळखीच्या असल्यासारख्या चढल्या. वॉकर वर, मग पाय, मग दुसरा पाय. वर पोचल्या आणि थांबल्या.

“वल्ली हाय,” त्या म्हणाल्या.

सोप्याची फरशी चकचकत होती. तंगी येणार म्हणून आक्कांनी सुनेकडून ती फिनेल घालून नुकतीच पुसून घेतली होती. कडेला पाण्याचे ओहोळ दिसत होते. माझ्या चित्रणात ही फरशी कोरडी होती. माझ्या सगळ्या खोट्या जगांत कुठेच कधी पाणी सांडत नाही, आणि खऱ्या घरात पाहुणे यायचे म्हणजे फरशी धुतात, हे मला सुचू नये? काकू वॉकर घट्ट धरून उभ्या होत्या. त्या परत वळतात की काय, अशी मला भीती वाटली.

“उचलून नेतो की आत,” बापू म्हणाले.

“हात लावू नगा.”

पलीकडून भिंत धरत आक्का निघाल्या. मुलानं त्यांना अडवलं, ओल्या फरशीवर येऊ नकोस म्हणून. एक बहीण फरशीच्या त्या बाजूला, एक या बाजूला. आक्कांनी तिथूनच हाक घातली, “बा तंगी, कुंद्रु!” ये बाई, बस. मुलानं दाराशी काकूंसाठी एक खुर्ची ठेवली आणि आत आक्कांसाठी दुसरी. सुनेनं पंखा पाचावर केला.

आणि मध्ये ओली फरशी ठेवून दोघी बोलू लागल्या. अर्धं मराठी, अर्धं कानडी, सगळं ओरडून. कोण गेलं, कुणाची सून कशी निघाली, भुईमूग कसा झाला. काकू काही विचारायच्या आणि आक्का वेगळंच उत्तर द्यायच्या, पण आता तोंड दिसत होतं, हात दिसत होते, त्यामुळे चालत होतं. शेजारणी दाराशी आल्या. बापूंना आणि मला पायरीवरच चहा मिळाला. मी यंत्राची पिशवी घेऊन बसलो होतो, ती कुणी उघडायलाही सांगितली नाही. सुनेनं ती उचलून लसणाच्या टोपलीशेजारी ठेवली.

फरशी केव्हा वाळली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आक्का दम्यानं थांबत थांबत एका जुन्या भांडणाची हकिगत सांगत होत्या. काकू खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. कुणाला काही म्हणाल्या नाहीत. वॉकर उंबऱ्यापलीकडे ठेवला, टेकवून पाहिला आणि आत गेल्या. खाली बघत, हळू, सोपा ओलांडून. आक्का डोळे मिटून बोलतच होत्या. काकू त्यांच्या खुर्चीपाशी पोचल्या आणि त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडून बहिणीच्या खांद्यावर ठेवला.

तेव्हा आक्का अर्ध्या शब्दावर थांबल्या आणि त्यांनी खांद्यावरचा तो हात धरला.